स्कोअरशीटवरचे कोरे चौकोन: महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाविद्यालयांचे क्रीडा संचालक, बास्केटबॉलचे प्रशिक्षक आणि विभागीय निवड समित्यांचे सदस्य,
अहिल्यानगर जिल्हा

आदरणीय सर आणि मॅडम,


मी कोपरगावचा. नोकरी पतसंस्थेत. गेली बावीस वर्षं रजा टाकून शाळा-कॉलेजांच्या बास्केटबॉल सामन्यांना स्कोअरर म्हणून टेबलावर बसतो. आपल्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. सामना सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी आपण टेबलापाशी येता, बारा नावांच्या यादीतल्या पहिल्या पाचांपुढे फुलीची खूण करता, सही करता आणि परत मुलांकडे जाता. त्यानंतर तो कागद माझा. नावापुढच्या बारीक रकान्यात सुरुवातीच्या पाचांच्या फुलीभोवती मी गोल करतो. पुढे जो खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरेल त्याच्या नावापुढे त्या वेळी फुली मारतो. जो उतरलाच नाही त्याचा चौकोन कोरा राहतो.

सामना संपल्यावर आपण गुणांचा आकडा पाहता. मी ते कोरे चौकोन पाहतो. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

आपल्याला शिकवायला मी बसलेलो नाही. एक क्रीडा संचालक कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ, क्रॉसकंट्री आणि बास्केटबॉल एकाच वेळी सांभाळतो, प्रवासभत्त्याची बिलं भरतो, परीक्षा विभागाकडे मुलांसाठी शब्द टाकतो, हे मला माहीत आहे. आपल्याकडच्या बहुतेक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात हेही माहीत आहे. एक सामना हरला की वर्ष संपलं. अशा वेळी तीन गुणांची आघाडी असताना अकराव्या क्रमांकाच्या पोराला आत पाठवायला छाती लागते. ती अडचण खरीच आहे, आणि पुढे तिच्यासाठीही काही मागितलं आहे. पण त्या अडचणीच्या आड आपण बऱ्याच गोष्टी झाकून ठेवल्या आहेत.

आधी एक सामना सांगतो. जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयाचा मुलींचा संघ होता, नाव घेत नाही. संघात नऊच मुली. स्पर्धा सकाळची, त्यामुळे त्या पहाटे साडेचारला निघालेल्या. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे आणि गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही चुकवत आपल्या भागातून नगरला पोचायला किती वेळ लागतो ते आपल्याला सांगायला नको. चौदा नंबरची जर्सी घातलेली एक मुलगी वॉर्मअपला सगळ्यांत पुढे होती. उजव्या हाताने लेअप, मग डाव्या हाताने, आणि डाव्याचाही नीट बोर्डवर. मी टेबलावरून पाहत होतो. सामना सुरू झाला आणि ती बेंचच्या टोकाला बसली. पहिल्या क्वार्टरला पाण्याच्या बाटल्या तिने दिल्या, दुसऱ्यालाही तिनेच. तिसऱ्या क्वार्टरअखेर तिचा संघ तेवीस गुणांनी मागे होता. मी मनात म्हटलं, आता उतरवतील. चौथ्या क्वार्टरलाही त्याच पाच जणी खेळल्या, वाकून गुडघ्यांवर हात टेकत, धापा टाकत. संघ तीसहून जास्त गुणांनी हरला. नंतर जर्सी गोळा करताना खेळलेल्या मुलींच्या घामाने चिंब होत्या, पिशवीत कोंबल्या गेल्या. चौदा नंबरची तिने नीट घडी करून दिली. ती कोरडी होती.

त्या मुलीचे वडील तिला न्यायला एसटी स्टँडवर आले होते. परतीच्या गाडीने मी त्या संघाबरोबरच आलो होतो, म्हणून पुढचं ऐकलं. त्यांनी हरलात की जिंकलात हे विचारलं नाही. विचारलं, "किती वेळ खेळलीस?" ती म्हणाली, "थोडा वेळ." पुढच्या वर्षी त्या संघात ती नव्हती. का, ते मला कुणी सांगितलं नाही. पण गोदाकाठच्या गावातून मुलीला पहाटेच्या अंधारात बाहेर पाठवायला बापाला काय काय मनाशी ठरवावं लागतं, ते मी माझ्या घरातही पाहिलं आहे. त्या सगळ्याच्या बदल्यात आपण त्याला कोरडी जर्सी परत दिली. तेवीस गुणांनी मागे पडल्यावर हातून जायला काय उरलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी स्वतः असा कोरा चौकोन होतो. नव्वदच्या दशकात, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असायचे तेव्हा, मी तीन वर्षं कॉलेजच्या संघात होतो. तीन वर्षांत मिळून अकरा मिनिटं खेळलो. आकडा पक्का आहे, कारण वहीत लिहून ठेवायचो. शेवटच्या वर्षी एका सामन्यात आमचे दोघे जण पाच फाउल होऊन बाहेर गेले. तीन मिनिटं उरलेली, सामना बरोबरीत, आणि सरांनी मला हाक मारली. तासभर बसून पाय लाकडासारखे झालेले. बेसलाइनजवळ चेंडू हातात आला, समोर दोन जण धावून आले, आणि पुढे काय करायचं हे डोक्यात येण्याआधी पाय सरकले. ट्रॅव्हल. चेंडू त्यांचा, बास्केट त्यांचं, सामना त्यांचा. सर मला काही बोलले नाहीत, मुलं बोलली. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ती परिस्थिती मी सरावात हजार वेळा पाहिली होती, पण तिच्यात एकदाही उभा राहिलो नव्हतो. त्याआधीच्या दोन वर्षांत सोप्या सामन्यांत चार-चार मिनिटं मिळाली असती, तर तो चेंडू मी परत मागे टाकला असता. एवढंच.

म्हणून माझी पहिली तक्रार ही की राखीव खेळाडूला आपण फक्त संकटात वापरता. सुरुवातीच्या पाचातल्या कुणाचे चार फाउल झाले, पाय मुरगळला, दम संपला की मग बेंचकडे नजर जाते. ज्याला आपण कधी खेळवलं नाही त्याला सामन्याच्या सर्वांत अवघड क्षणी उतरवता, तो चुकतो, आणि "म्हणूनच याला खेळवत नव्हतो" असं म्हणायला आपण मोकळे. त्या चुकीत त्याचा वाटा थोडा, आपला जास्त. सरावात शिकवता येतं ते ड्रिब्लिंग, पास, फ्री थ्रो. चोवीस सेकंदांचं घड्याळ चालू असताना, समोरचा हात डोळ्यांपुढे नाचत असताना आणि तीनशे पोरं ओरडत असताना चेंडू कुणाकडे द्यायचा, हे सरावात येत नाही. ते सामन्यात, मिनिटं मिळाल्यावरच येतं.

दुसरी गोष्ट थेट आपल्या फायद्याची आहे. एफवायला आलेला मुलगा एक वर्ष बसतो, एसवायला बसतो आणि टीवायला एकदम सुरुवातीच्या पाचात येतो, कारण पुढचे सगळे पास होऊन गेलेले असतात. त्या वर्षी तो सिनिअर असतो, पण सामन्याच्या अनुभवाने कच्चा. संघ पहिल्याच फेरीत हरतो आणि आपण म्हणता, "यंदा पोरंच नाहीत." पोरं होती. दोन वर्षं आपल्या शेजारीच बसलेली होती. बावीस वर्षांत हे चक्र मी इतक्या कॉलेजांत पाहिलं आहे की एखादा संघ सलग दोन वर्षं आंतरविभागीय स्पर्धेपर्यंत गेला की मी त्याची जुनी स्कोअरशीट आठवून पाहतो. अशा संघांच्या कागदावर आदल्या वर्षी फुल्या जास्त असतात. हा माझा अंदाज नाही, त्यातल्या कितीतरी फुल्या माझ्याच हातच्या आहेत.

आता थोडं बाहेरचं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात डीन स्मिथ नावाचे प्रशिक्षक होते. १९६१ ते १९९७, तब्बल छत्तीस हंगाम. त्यांनी ८७९ सामने जिंकले, निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या स्तरावर तो विक्रम होता. मायकल जॉर्डन पहिल्या वर्षाला असताना १९८२ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनीच मिळवून दिलं. हे स्मिथ पहिल्या हाफमध्ये एक-दोन मिनिटांसाठी बेंचवरचे पाचही जण एकदम आत पाठवायचे. संघात त्या पाचांना स्वतंत्र नाव होतं, निळा संघ. प्रतिस्पर्ध्याला वाटायचं आता गुण लुटू, आणि ते पाच ताज्या दमाने जीव तोडून बचाव करायचे, कारण ती मिनिटं त्यांची असायची. शिवाय दमलेल्या खेळाडूने मूठ वर केली की स्मिथ त्याला बाहेर घ्यायचे, आणि दम खाऊन झाल्यावर परत कधी जायचं ते त्या खेळाडूनेच सांगायचं. म्हणजे बाहेर येणं ही शिक्षा नव्हती. आपल्याकडे मुलं दम लागला तरी सांगत नाहीत, कारण एकदा बाहेर आलो की परत घेणार नाहीत याची त्यांना खात्री असते.

आपण म्हणाल, तिकडच्या कॉलेजला हंगामात तीसच्या आसपास सामने मिळतात, आम्हाला दोन किंवा तीन. मान्य. म्हणून निळा संघ जसाच्या तसा मागत नाही. हिशेब मात्र करून पाहू. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मैदानावर पाच जण, म्हणजे एका संघाला एका सामन्यात २०० मिनिटं वाटायला मिळतात. समान वाटणी मी मागत नाही. पहिल्या पाचांनी मेहनतीने जागा कमावलेली असते आणि त्यांना सर्वांत जास्त मिनिटं मिळालीच पाहिजेत. मागतो एवढंच की २०० पैकी २० मिनिटं शेवटच्या पाचांसाठी आधीच ठरवून बाजूला काढा. प्रत्येकी चार मिनिटं, आणि तीही पहिल्या तीन क्वार्टरमध्ये. सामना हातातून गेल्यावर किंवा खिशात आल्यावर दिलेल्या शेवटच्या दोन मिनिटांना माझा विरोध नाही, पण त्यांची गणती यात करू नका. त्या दोन मिनिटांत कुणीच खरं खेळत नाही, हे ज्याला उतरवलं त्यालाही कळतं.

ती वीस मिनिटं कुठे बसवायची, ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दुसऱ्या क्वार्टरची सुरुवात मला बरी वाटते. दोन पक्के खेळाडू आत ठेवून तिघांना एकदम उतरवलं तर चेंडू सांभाळणारा कुणीतरी असतो आणि नवख्याची भीड चेपते. एकट्याला चार अनोळखी लयींत सोडलं तर तो फक्त धावत राहतो.

पुढची मागणी पैशाची नाही, वेळेची नाही, फक्त तोंडाची आहे. मुलाला सांगा. बेंचवर का बसलाय, काय सुधारलं की उठवणार, आणि आज त्याला उतरवणार की नाही. नियम असा आहे की बदली खेळाडूची मागणी प्रशिक्षकाने करायची नसते, त्या खेळाडूने स्वतः टेबलापाशी येऊन स्कोअररकडे करायची असते. म्हणजे उतरणारं प्रत्येक पोर आधी माझ्यासमोर येतं. आदल्या दिवशी ज्याला सांगितलेलं असतं तो येऊन "सर, बदली" म्हणतो, खुर्चीवर बसतो आणि त्याची नजर मैदानावर असते. ज्याला ऐन वेळी ढकललेलं असतं तो वॉर्मअपचा टी-शर्ट काढता काढता कुणाच्या जागी जायचंय हेही मागे वळून विचारतो. हॉर्न वाजण्याआधीच मला कळतं की यातला कोण खेळेल आणि कोण नुसता उभा राहील.

सरावाबद्दल एक. बऱ्याच मैदानांवर मी पाहतो की पहिले पाच जण आक्रमणाच्या चाली बसवतात आणि उरलेले रिंगखाली उभे राहून चेंडू परत देतात. ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टवर दोन तास चेंडू परत देणारा मुलगा खेळाडू होत नाही. आठवड्यातून एक दिवस दोन्ही गटांची सरमिसळ करून पूर्ण सामना खेळवा, घड्याळ आणि शिट्टीसह. कोपरगावात आणि आसपास कुणाला स्कोअरर हवा असेल तर मी येईन, मानधन नको.

आता विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाकडे आणि विभागीय समितीकडे वळतो, कारण सगळं ओझं प्रशिक्षकावर टाकणं न्यायाचं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ आणि त्यापुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ही शिडी आहे. तिची पहिलीच पायरी बाद पद्धतीची असेल तर निम्मी कॉलेजं एका सकाळीच घरी जातात. पहिली फेरी तीन-तीन संघांच्या साखळीची करा. प्रत्येक कॉलेजला निदान दोन सामने नक्की मिळतील. मैदान आणि पंचांचा खर्च वाढेल, एक दिवस वाढेल. पण शंभर किलोमीटरवरून पहाटे निघालेल्या संघाला चाळीस मिनिटांत परत पाठवण्याचाही खर्च असतोच, तो फक्त कुठल्या बिलात दिसत नाही. आणि त्या साखळी फेरीपुरता नियम करा की तंदुरुस्त असलेल्या प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तिसऱ्या क्वार्टरअखेर फुली पाहिजे. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये अनेक देशांत प्रत्येकाला खेळवणं बंधनकारक असतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांसाठी निदान पहिल्या फेरीत तो विचार करायला हरकत नसावी. यासाठी नवीन अर्ज, नवीन पोर्टल काही नको. स्कोअरशीट आधीच आपल्याकडे जमा होतात. त्यांतला तो रकाना कुणीतरी वाचायला हवा.

एक विषय नाजूक आहे, पण सोडता येत नाही. काही ठिकाणी फक्त स्पर्धेसाठी तयार खेळाडूला कुठल्यातरी अभ्यासक्रमाला प्रवेश दिला जातो. तो सराव चुकवतो, सामन्याच्या दिवशी येतो आणि चाळीसच्या चाळीस मिनिटं खेळतो. नियमात बसत असेल तर त्याच्या खेळण्याला माझी ना नाही, तो चांगलाच खेळतो. पण जून-जुलैपासून रोज मैदानावर येणाऱ्या पोराच्या वाट्याची सगळी मिनिटं त्याला देऊन टाकू नका. चषक कॉलेजच्या काचेच्या कपाटात जातो आणि पोर मैदान सोडून जातं. कपाटं भरलेली आणि मैदानं रिकामी असलेली कॉलेजं मी पाहिली आहेत.

यातल्या किती जणांना पुढे खेळाचा व्यावहारिक उपयोग होणार? सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण राज्य, राष्ट्रीय पातळीवर पदक मिळवणाऱ्यांसाठी आहे. तिथवर आपल्या जिल्ह्यातून बोटांवर मोजण्याइतकी पोरं पोचतात. बाकीच्यांना जे मिळायचं ते त्या दोन-तीन वर्षांत, त्या कोर्टवरच. पुढे ते शेती करतील, कारखान्यात लागतील, पुण्याला जातील. कुणी शाळेत शिक्षक होईल आणि तिथे पोरांना चेंडू देईल किंवा देणार नाही. तो देईल की नाही हे पुष्कळसं आपण त्याला किती खेळवलं यावर ठरतं.

बास्केटबॉलचा पहिला सामना १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला झाला. जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकापुढे थंडीने हॉलमध्ये अडकलेला, कंटाळलेला अठरा जणांचा वर्ग होता. त्याने पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि नऊ-नऊचे दोन संघ केले. नऊच का, तर वर्गात अठरा जण होते. त्या दिवशी बेंचवर कुणीच बसलं नाही. पुढे खेळ वाढला, मैदानावर पाच आणि बाहेर सात झाले, ते गरजेचंही होतं. पण हॉलमध्ये अडकलेल्या अख्ख्या वर्गाला खेळवण्यासाठी हा खेळ काढला गेला, हे आपण शारीरिक शिक्षणाच्या पदवीला असताना शिकला आहात. आता संघनिवडीच्या वेळी ते आठवावं, एवढी विनंती.

दिवाळीच्या मागेपुढे सामने सुरू होतील. आपण याद्या घेऊन टेबलापाशी याल तेव्हा पाच नावांपुढे खूण केल्यावर क्षणभर थांबा आणि खालची सात नावं एकदा वाचा. त्यातल्या कुणाला आज दुसऱ्या क्वार्टरला उतरवणार आहात, ते मला नाही, त्याला सांगून ठेवा. पेन मी आणलेलं असेल.

आपला नम्र,
टेबलावर बसणारा एक स्कोअरर
कोपरगाव, जि. अहिल्यानगर